न उघडलेली पेटी

हार त्याच्या गळ्यात पडला, आणि देवळातली झांज मध्येच थांबली.

वेणूनं तो नुसता पुढं केला होता. आपण पुढच्या माणसाला द्यायचा, त्यानं त्याच्या पुढच्याला, आणि असा हातोहात तो चौरंगाजवळ उभ्या असलेल्या तिच्या वडिलांपर्यंत पोचायचा. मखमलाबादच्या मारुतीच्या देवळात माघातल्या कीर्तनाला दर वर्षी असंच होतं. पूर्वरंग संपतो, नामाचा गजर उठतो, आणि त्या गजरात तिचे वडील, सावळीराम फुलवाले, बुवांच्या कपाळाला बुक्का लावून त्यांच्या गळ्यात हार घालतात. मगच आख्यानाला सुरुवात. हार सावळीरामांच्याच मळ्यातल्या शेवंतीचा, ओवलेला वेणूनं.

पुढं लहान पोरं बसली होती, म्हणून तिनं हात जरा उंच धरले. एवढंच तिचं चुकलं. बायकांच्या आणि पुरुषांच्या मधल्या दोरीला लागून एक अनोळखी तरुण बसला होता. तपकिरी स्वेटर, मांडीवर रेक्झिनची बॅग, केसांवर एस.टी.ची धूळ. तो उठला. हात जोडले. आणि लाजत, हसत, मान खाली घालून सरळ त्या हारात शिरला.

वेणूच्या बोटांतून दोरा सुटला.

"अगं बया!" मागून नवसाबाई किंचाळली.

"आभारी आहे," तो तरुण म्हणाला. "खरं तर… एवढ्या सगळ्याची काही गरज नव्हती हो."

"नव्हतीच!" वेणूच्या तोंडून निसटलं. "तो बुवांचा हार आहे!"

त्याचा चेहरा असा उतरला की बघवेना. हार काढावा तर तो कानाला अडकला, ठेवावा तर सगळं गाव बघतंय. बिचाऱ्याचा दोष तरी काय? द्राक्ष बागायतदारांच्या संस्थेचे अध्यक्ष रावजीअण्णा त्याला फोनवर म्हणाले होते, 'थेट देवळातच या, गाव तिथंच असतं, तुमचं स्वागत करू.' आणि पोचतो न पोचतो तोच समोर एक मुलगी हार घेऊन उभी राहिली… माणसानं काय समजावं?

बुवा मात्र चौरंगावर उभ्या उभ्या खदखदून हसले. "असू द्या, असू द्या! आज देवानंच बुवा बदललेत. पण मंडळी, एक ध्यानात ठेवा. तोंड बघून हार घालू नये, आणि तोंड बघून औषध देऊ नये. चांगला वैद्य काय करतो? रोग्याचा हात हातात घेतो, नाडी बघतो, मग पुडी बांधतो. गुरूचंही तसंच. शिष्याला काय हवंय ते आधी ओळखावं, मग बोलावं… म्हणा, जय जय रामकृष्ण हरि!"

गजर पुन्हा उठला. वेणू मात्र ताठच बसली होती, कानशिलं तापलेली. देवासमोर, सगळ्या गावासमोर, तिनं एका परक्या पुरुषाला हार घातला होता! आणि याहून वाईट काय, तर तो दोरीपलीकडून चोरून बघत होता, आणि तिला हसू येत होतं.

*

सकाळी संस्थेच्या द्राक्षं भरायच्या शेडमध्ये पाय ठेवला आणि वेणू दारातच थबकली.

रावजीअण्णांच्या शेजारी तोच उभा होता. तपकिरी स्वेटर तोच, केस मात्र आता चापून बसवलेले.

"हे मुरलीधर साहेब," अण्णा म्हणाले. "शेती कॉलेजात शिकलेत, सिन्नरचे आहेत. यंदा आपला माल पहिल्यांदा विमानानं दुबईला जायचाय, ठाऊक आहे ना सगळ्यांना? कुणाला काय येतं, कुणाला काय येत नाही, कुणाला काय शिकवायचं, ते साहेब तपासणार. जिला येणार नाही तिनं घरी बसायचं."

"घरी नाही, अण्णा," मुरलीधर घाईनं म्हणाला. "शिकायला बसायचं."

"तेच ते."

"तेच ते नाही," असं तो म्हणाला खरा, पण अण्णा तोवर मोटारसायकलला किक मारायला गेले होते.

शेडमध्ये तीस-चाळीस बाया होत्या, कुणी मळेकऱ्यांच्या घरातल्या, कुणी आळीतल्या. घड हातात घ्यायचा, सडका-किडका मणी कात्रीनं कापायचा, वजन करायचं, कागदात ठेवून पेटीत भरायचं. नाशिकच्या बाजारात पाठवायचा तर माल पाटीत रचला की झालं. पण आता परदेश! बाया धास्तावल्या होत्या.

वेणूची धास्ती तर दुहेरी. मॅट्रिक झाल्यापासून ती घरी हार ओवत होती आणि आई येणारी-जाणारी स्थळं मोजत होती. या शेडमध्ये आली तशी ती पहिल्यांदा कुणाची तरी 'वेणूताई' झाली. मुकादम नेमायची वेळ आली की आपलं नाव निघावं, ही तिची इच्छा तिनं मारुतीशिवाय कुणाला सांगितली नव्हती. इथून घरी बसवलं, तर पुढच्याच आठवड्यात निफाडकडचा तो पेट्रोलपंपवाला बघायला येणार, हे नक्की.

"साहेबांचं नाव मुरलीधर," नवसाबाई तिच्या कानाशी लागली. "अन् तू वेणू. मुरलीधराच्या हाती कोण असती गं?"

"नवसामावशी, घड बघा. दोन मणी फुटलेत."

"फुटू दे की. तुझं तोंड का लाल झालंया?"

*

तपासणी सुरू झाली. मुरलीधरची पद्धत साधी होती. बाईनं त्याच्यासमोर एक पेटी भरायची. मग तो पेटी उघडणार, घड बघणार, वजन करणार, आणि मोठ्यानं गुण सांगणार.

भागुबाईच्या पेटीत सडके मणी निघाले. "शिकवावं लागेल," तो म्हणाला. नवसाबाईच्या घडांचे देठ चेचल्यासारखे. "बेचाळीस. शिकवावं लागेल." बाया एकमेकींकडं बघत पदर तोंडात कोंबत होत्या.

मग वेणू.

ती पोत्यावर मांडी घालून बसली. समोर क्रेटची उतरंड, उतरंडीपलीकडं तो. त्याला तिचा चेहरा दिसत होता, खांद्यावरून पुढं आलेली वेणी दिसत होती. मांडीत काय चाललंय ते दिसत नव्हतं. मांडीत मलमलचा एक तुकडा होता. घड कापून झाला की ती तो त्या तुकड्यानं अलगद, मणी न् मणी, काचेसारखा चमकेपर्यंत पुसायची. देवापुढं फळ ठेवताना कुणी धुळीचं ठेवतं का? मग परक्या मुलखात, पाहुण्याच्या घरी पाठवायचं ते कसं असावं? इतर बाया असली उठाठेव करत नसत. पण वेणू सावळीराम फुलवाल्याची पोरगी होती. तिच्या हातून मळकं काही सुटतच नसे.

"तुम्ही गुणगुणताय… ते काय आहे?" त्यानं विचारलं.

"काल बुवांनी लावलं होतं ते. तुम्ही ऐकलं नसेल. तुम्ही हार सांभाळत होता."

"ऐकलं की!… नाही. नाही ऐकलं."

"मग कीर्तनभर केलंत काय?"

"मान खाली घातली होती ना, ती वर करायचा धीर होत नव्हता."

"वर केली होतीत. तीनदा."

"तुम्ही मोजलीत?"

वेणूची कात्री हवेतच थांबली. शेडच्या पत्र्यावर कबुतरं नुसती घुमत होती… तिनं घाईघाईनं शेवटचा घड ठेवला, कागद दुमडला, झाकण लावलं आणि पेटी पुढं सरकवली.

"उघडा, साहेब."

त्यानं पेटीवर हात ठेवला. तिच्याकडं बघितलं. उघडली असती तर काय झालं असतं… पण तो म्हणाला, "राहू दे. तुमचं चांगलंच असणार." आणि मग अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं, "शंभरपैकी शंभर! यांना शिकवायची गरज नाही. उलट यांनीच सगळ्यांना शिकवायचं."

"शंभर?" नवसाबाईनं कमरेवर हात ठेवले. "अन् मला बेचाळीस? देवा, मारुतीराया!"

वेणूला तर खरंच वाटेना. शाळेत तिला चाळिसाच्या वर गणितानं कधी जाऊ दिलं नव्हतं. घरी जाऊन तिनं वडिलांना सांगितलं तेव्हा सावळीराम हातातली शेवंती तशीच टाकून उठले आणि देवापुढं साखर ठेवून आले. "शंभर," ते स्वतःशीच म्हणत राहिले. "पोरी… शंभर."

*

पुढचे दिवस वेणूसाठी पंखांचे होते.

मुरलीधर विमानाची कागदपत्रं आणि गोदाम बघायला मुंबईला गेला. जाताना म्हणाला, "वेणू… बाई… ताई…" आणि तिन्ही शब्द एकमेकांत अडकून बसले.

"एक काहीतरी ठरवा," ती म्हणाली.

"मुंबईहून येईपर्यंत ठरवतो," असं म्हणून तो दारातल्या वजनकाट्यावर आपटला.

त्याच्या माघारी वेणूनं शेड हाती घेतली. घरातलं जुनं मलमलचं लुगडं फाडून तिनं प्रत्येकीला एकेक तुकडा दिला. "असं. मणी चमकला पाहिजे. पाहुण्याला धूळ वाढायची नाही." बाया बसल्या, पुसू लागल्या. शेवटी टेम्पो भरला तेव्हा पेट्यांमधली द्राक्षं पाचूच्या मण्यांसारखी लखलखत होती. नवसाबाईनं टेम्पोच्या चाकाखाली नारळ फोडला. टेम्पो मुंबईच्या रस्त्याला लागेपर्यंत वेणू हात जोडून उभी होती.

आणि मग एक दिवस दुपारी संस्थेच्या ऑफिसातला फोन वाजला.

रावजीअण्णा शेडमध्ये आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. अण्णांना उघड्या डोक्यानं कुणी कधी बघितलं नव्हतं. सगळ्या कात्र्या एकदम थांबल्या.

"माल नाकारला," अण्णा म्हणाले. "सगळा. दुबईचा व्यापारी म्हणतो, शिळा माल पाठवलात. मणी मऊ पडलेत, सुरकुतलेत. वेलीवरनं उतरवून महिना झालाय म्हणतो! परवा तोडलेला माल, अन् महिना!"

भागुबाईनं हातातला घड खाली ठेवला.

"कुणी भरलं? कसं? काय केलंत तुम्ही?"

"वेणूताईनं शिकवलं तसं," कुणीतरी हळूच म्हणालं.

अण्णांनी मलमलचा एक तुकडा उचलला, बघितला, खाली टाकला. "वेणू. उद्यापासून येऊ नकोस. बाकीच्यांचं बघतो मी. बाहेरनं माणसं आणीन, पण हे…"

बातमी ऐकून सावळीरामही धावत आले होते. दारात उभे. त्यांच्या हातात पाटी होती, पाटीत विकायची फुलं, आणि ते त्या फुलांकडंच बघत होते, पोरीकडं नाही. हे तिला जास्त लागलं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

मुरलीधर उतरला तो तसाच, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. विमानात जागा मिळाली नाही म्हणून मागं राहिलेली एक पेटी त्याच्या काखेत होती. तो कुणाशी बोलला नाही. क्रेटवर पेटी ठेवली आणि उघडली.

सगळ्या बाया पुढं झुकल्या. आत घड होते, पण ती लखलख कुठल्या कुठं गेली होती. मणी निस्तेज, लिबलिबीत, देठाशी ओल सुटलेली.

"हे असं कशानं झालं, माहीत आहे?" त्याचा आवाज फुटत होता. "द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी झाक असते. ती धूळ नाही. तो मेणाचा थर असतो, वेलीनं स्वतः दिलेला. आतलं पाणी तोच धरून ठेवतो. तो पुसला की मणी दिसायला चमकतो, पण मग सुकतो, मऊ पडतो. बाहेरचा व्यापारी तर ती झाक बघूनच ताजा माल ओळखतो."

"म्हणजे…" वेणूनं खाली पडलेला मलमलचा तुकडा उचलला. "मी पुसलं म्हणून?"

"तेच मी म्हणतोय!" अण्णा कडाडले. "पण साहेब, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"होतं. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मग हिला शंभर मार्क कसे काय दिलेत?"

मुरलीधरनं पेटीचं झाकण हातात घेतलं.

"मी तिची पेटी उघडली नाही, अण्णा."

"काय?"

"सगळ्यांच्या उघडल्या. हिची नाही उघडली. हातांकडं बघायला हवं होतं, मी…" त्यानं झाकण खाली ठेवलं. "मी तोंडाकडं बघत बसलो. देवळात हार पडला त्या दिवसापासून मला दुसरं काही नीट दिसलेलंच नाही. हिची चूक नाही. काढायचं तर मला काढा."

नवसाबाईच्या हातातली कात्री खण्णकन फरशीवर पडली. भागुबाईनं "राम राम राम" म्हणत डोळे मिटले. सावळीरामांच्या पाटीतली फुलं कलली, दोन-चार खाली सांडली. अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. चाळीस बायांसमोर, मुलीच्या बापासमोर, संस्थेच्या अध्यक्षासमोर, या माणसानं हे काय बोलून टाकलं!

वाटलं असेल की वेणू लाजली, विरघळली. नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं.

"म्हणजे माझे शंभर खोटे?"

"वेणू…"

"माझ्या वडलांनी देवापुढं साखर ठेवली होती!" तिचा आवाज चढला. "मला वाटलं, माझ्या हातांना दिलेत. तुम्ही तोंडाला दिलेत? मला हे येत नव्हतं, साहेब. मला सांगितलं असतं तर मी एका दिवसात शिकले असते. शिकवायला हवं होतं तिथं तुम्ही कौतुक केलंत. त्या दिवशी देवळात बुवा काय म्हणाले होते? वैद्य तोंड बघून औषध देत नाही. तुम्ही ऐकत नव्हतात. आणि आता माझा दोष नाही म्हणून मला वाचवताय… तेही तोंड बघूनच?"

त्यानं मान खाली घातली. पहिल्या दिवशीसारखीच, पण आज समोर हार नव्हता.

"मग काय करू?" त्यानं विचारलं.

"पुन्हा तपासा. सगळ्यांना. मलाही. हाताकडं बघून."

अण्णांनी कपाळाचा घाम पुसला. बागांमधून अजून माल लटकत होता आणि तो काही कुणाच्या भांडणासाठी थांबणार नव्हता. दुबईचा व्यापारी आणखी एकदाच, थोडा माल बघायला तयार होता. "एक टेम्पो," अण्णा म्हणाले. "एकच. बिघडला तर तुम्ही दोघं आपापल्या घरी. वेगवेगळ्या घरी, हेही सांगून ठेवतो."

*

यावेळी मुरलीधर क्रेटपलीकडं उभा राहिला नाही. प्रत्येकीच्या शेजारी पोत्यावर मांडी घालून बसला. गुण सांगितले नाहीत. फक्त बघायचा आणि विचारायचा, "मावशी, हे असं का करता?"

भागुबाईला विचारलं तर ती घड डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघत होती. "जवळचं दिसत नाय, बाबा."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?"

"हिला शिकवायचं काही नाही," तो अण्णांना म्हणाला. "हिला चष्मा पाहिजे."

नवसाबाईचे देठ का चेचतात, तेही कळलं. तिची कात्री बोथट होती. धार लावून दिली तर तिनं घड असा कापला की तो बघतच राहिला. "बेचाळीस म्हणं!" ती फणकारली. "कात्रीचे बेचाळीस माझ्या नावावर लावले व्हते या मुडद्यानं."

आणि मणी का पुसता, हे विचारल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं. नैवेद्य पुसूनच ठेवतात ना, मग? निष्काळजी एकही नव्हती. उलट फार काळजी घेतली, त्यानंच घात झाला होता. त्यानं मेण, पाणी, थर, सगळं पुन्हा समजावलं. बायांनी माना हलवल्या. आणि पुढच्याच घडाला त्यांचे हात सवयीनं पदराकडं गेले.

तो हताश होऊन वेणूकडं वळला. तिनं घड देठानं धरून वर उचलला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात मण्यांवरची पांढुरकी झाक मऊ दिसत होती.

"बायांनो," ती म्हणाली, "बुवा कपाळाला अंगारा लावतात. तो घरी जाईस्तोवर कुणी पुसतं का?"

"छे गं! पाप लागंल."

"मग हा वेलीनं लावलेला अंगारा आहे. साहेब सांगतात ते हेच. देठ धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही."

बायांचे हात थांबले. भागुबाईनं तर घडाला हळूच नमस्कार केला.

शेवटी वेणूची पाळी. मुरलीधर शेजारी बसला आणि तिच्या बोटांकडं बघू लागला. नुसत्या बोटांकडं. कात्री चालली, घड फिरला, पेटी भरली. त्यानं मान वर केली नाही.

"तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत," ती पुटपुटली.

"तुम्हीच म्हणालात, हाताकडं बघा."

"म्हणाले. पण माणसानं इतकं मनावर घ्यायचं?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण यावेळी त्यानं पेटी उघडली. एकेक घड काढून उलटसुलट बघितला. "कापणी उत्तम. वजन नेमकं. मांडणी अजून शिकायला हवी. घड दाटीनं बसतात, खालचे दबतील. इथं तुम्ही नापास."

नापास!

वेणू हसली. खळखळून, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी. नवसाबाईला कळेना या पोरीला झालं काय. शंभर मिळाले तेव्हा इतकी हसली नव्हती.

"शिकवा मग," ती म्हणाली.

*

दुसऱ्या टेम्पोनंतर फोन आला तेव्हा अण्णांनी तो उचलायलाच नकार दिला. मुरलीधरनं उचलला. ऐकलं. आणि काही न बोलता फोन वेणूच्या कानाला लावला. पलीकडून मुंबईचा दलाल ओरडत होता, "अजून पाठवा! असाच पाठवा! झाक तशीच ठेवा!"

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली. त्याच दिवशी वेणू मुकादम झाली.

पण हंगाम कुणासाठी थांबत नाही. चैत्र लागला, बागा रिकाम्या झाल्या, शेडच्या दाराला कुलूप लागलं. मुरलीधरची नेमणूक हंगामापुरतीच होती. त्यानं बॅग भरली. शेडमधल्या त्या बोलण्यानंतर तो प्रेमाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. वेणूनं वाट बघितली. मग चिडली. मग पुन्हा वाट बघितली. बोलून ठेवलं होतं ते चारचौघांत, आणि आता एकट्यात तोंड उघडत नाही… असला कसला हा माणूस?

रामनवमीला दुपारी जन्माचं कीर्तन. देऊळ चिक्कार. पाळण्याला झेंडूच्या माळा, बाहेर सुंठवड्याचा वास. आणि दोरीला लागून त्याच जागी, मांडीवर तीच रेक्झिनची बॅग घेऊन तो बसला होता. सिन्नरची गाडी संध्याकाळची होती.

पूर्वरंग संपला. गजर उठला. वेणू हार घेऊन उभी राहिली. सगळं गाव तिच्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होतं. त्याची मान अशी ताठ होती की जणू कुणी काठी बांधली असावी.

वेणूनं हार पुढं केला. आणि तेव्हा सावळीराम, ज्यांनी आजवर हा मान कुणाला दिला नव्हता, आपली जागा सोडून चौरंगापासून बाजूला सरकले.

"साहेब," ते म्हणाले. "आज तुम्ही घाला."

देवळात कुजबुज उसळली. मुरलीधर उठला, हार तिच्या हातांतून घेतला, एकही फूल चुरगळू न देता, फक्त दोऱ्याची टोकं धरून. वाट काढत पुढं गेला आणि बुवांच्या गळ्यात घातला.

"शिकला गं," नवसाबाई म्हणाली, "देठ धरायला."

बुवांनी त्याला क्षणभर न्याहाळलं. मग गळ्यातला हार काढला आणि त्याच्याच गळ्यात घातला. "माघात तुम्ही आपण होऊन घेतला होतात. आज मी देतो. प्रसाद आहे, नीट सांभाळा."

तो परत आला तो अडखळत. हार गळ्यात, डोळे भरलेले. दोरीपाशी थांबला. गजर चढत होता, झांज टिपेला पोचली होती, आणि त्या कल्लोळात तिला एकटीलाच ऐकू जाईल असं तो बोलला.

"वेणू… ताई नाही, बाई नाही. मुंबईहून येतानाच ठरवलं होतं. पण तुम्ही म्हणालात तोंड बघून काही देऊ नका, म्हणून विचारायला भ्यालो. मला तुमचे हातही माहीत आहेत आता. तुमचा रागही. माझा हार झाला… पण असे हार दोन लागतात ना?"

वेणूनं पदराआडून पायाशी ठेवलेली परडी पुढं सरकवली. केळीचं पान बाजूला केलं. खाली शेवंतीचा दुसरा हार होता, पहाटेच ओवलेला, पाणी शिंपडलेला, ताजा.

मुरलीधर आ वासून बघत राहिला.

"तोंड मिटा, अहो," वेणू म्हणाली. "बुवा आख्यान लावतायत."